मी लिहिलेले अकरा नियम

आमच्या कारखान्यात संगणक आला तेव्हा नव्वद साल उजाडायला एक-दोन वर्षं होती. ठाण्याच्या वागळे इस्टेटमधला रंगांचा कारखाना होता तो. लोखंडी कपाटं, टेबलफॅन, शिलाई मशीनचे पाय असल्या वस्तूंना लागणारे रंग तिथं तयार व्हायचे. मी ऑफिसात टायपिस्ट होते. डोंबिवलीच्या एका क्लासमध्ये संध्याकाळचे सहा महिने संगणक शिकले होते, तेवढ्या भांडवलावर मॅनेजर साहेबांनी मला त्या मशीनसमोर बसवलं. स्टेशनरी ठेवायची एक खोली होती. तिला काचेचं पार्टिशन घातलं, एसी बसवला आणि दाराबाहेर चपला काढायचा नियम केला. साहेबांच्या केबिनमध्येही तेव्हा एसी नव्हता. त्यामुळे मी बसल्या जागी सगळ्यांच्या डोळ्यांवर आले.

पहिलं काम होतं रंगांच्या कृती मशीनमध्ये भरायचं. कुठल्या रंगात काय आणि किती घालायचं, हे सगळं एका वहीत होतं आणि वही काकांकडे होती.

काका म्हणजे आमचे मिक्सिंगवाले. पन्नाशी ओलांडलेले, इस्टेटला लागून असलेल्या गावातले आगरी. इस्टेट झाली तेव्हा घरची भातशेती त्यात गेली आणि काका याच कारखान्यात ड्रम धुवायला लागले. चौथीपर्यंत शिकलेला माणूस, पण गिऱ्हाइकानं रंगवलेल्या पत्र्याचा तुकडा आणून दिला की तो खिडकीशी नेऊन उजेडात धरायचे, मान तिरकी करून बघायचे आणि संध्याकाळपर्यंत तोच रंग डब्यात तयार असायचा. आमचा मोरपिशी रंग त्यांनीच काढलेला. कपाटं बनवणारे लोक तो मागून घ्यायचे. तो दुसऱ्या कुणाला जमत नव्हता.

वहीतलं अक्षर त्यांच्याशिवाय कुणाला लागत नसे, म्हणून महिना-दीड महिना ते रोज दुपारी माझ्या शेजारी स्टुलावर बसून वाचून दाखवायचे आणि मी टाइप करायची.

"पिवला जरासा," काका म्हणाले.

"जरासा म्हणजे किती ग्रॅम?"

"जरासा म्हंजे जरासा. चिमटीत येल तवरा."

"काका, मशीनला जरासा कळत नाही हो."

"मंग त्याला कनाला बसवलाय हितं?"

शेवटी मी लॅबमधला बारका काटा मागवला. काकांनी चिमटीनं पिवळी पूड पाच वेळा काट्यावर टाकली आणि पाचही वेळा वजन तेच आलं. मी त्यांच्याकडे बघत राहिले. त्यांना त्याचं काही वाटलं नाही. बोटं विजारीला पुसून ते म्हणाले, "लिव."

असं करत एकशेचाळीसच्या वर रंग भरून झाले. शेवटच्या दिवशी साहेब आत आले, वही उचलली, चाळली आणि म्हणाले, "छान. आता ही माझ्या कपाटात राहील."

"साहेब, वही माजी हाय," काका म्हणाले.

"तुमचीच आहे हो. पण आता त्यातलं सगळं कंपनीचं आहे ना!"

काका उभे राहिले. ते स्टूल सरकवून बाहेर गेले. मी त्या क्षणी प्रिंटरचा कागद सरळ करत होते. करण्यासारखं काही नसलं की मी तेच करायची.

दोनेक महिने मशीन नीट चाललं. मग एके दिवशी पडद्यावर एक पांढरा ठिपका उगवला आणि कडांना आपटत चेंडूसारखा उड्या मारायला लागला. मी मशीन बंद केलं, पुन्हा चालू केलं. थोड्या वेळानं ठिपका हजर. बाहेरच्या मंडळींनी काचेला नाकं लावली. मशीन ज्या दुकानाकडून घेतलं होतं तिथल्या इंजिनियरला बोलावणं गेलं.

तो तरुण, टापटीप, गोड बोलणारा माणूस होता. पाहिल्या पाहिल्या म्हणाला, "व्हायरस आहे. बाहेरच्या फ्लॉपीतून आलाय."

व्हायरस या शब्दानं ऑफिसात गडबड उडाली. झाडूवाल्या मावशींनी त्या खोलीत यायचं बंद केलं. इंजिनियरनं दुपारभर बसून मशीन साफ केलं. जाताना आपल्याजवळच्या फ्लॉप्यांच्या गठ्ठ्यात त्यानं सगळ्या कृतींची नक्कल उतरवून घेतली. "पुन्हा काही झालं तर माझ्याकडे कॉपी असलेली बरी," तो म्हणाला. मलाही ते बरंच वाटलं. दीड महिन्याची मेहनत होती ती.

बाहेरची फ्लॉपी कुणाची, हे मला ठाऊक होतं. साहेबांनी त्यांच्या एका मित्राकडून जन्मपत्रिका काढणारा प्रोग्रॅम आणला होता. आठवडाभर दुपारच्या सुट्टीत त्यांनी निम्म्या ऑफिसच्या पत्रिका छापून दिल्या होत्या. माझीही. इंजिनियरनं ती फ्लॉपी हातात धरून माझ्याकडे पाहिलं, मी साहेबांच्या केबिनकडे पाहिलं, आणि त्यानं ती गुपचूप टेबलाच्या खणात टाकली.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी मला बोलावलं आणि केबिनचं दार लावून घेतलं. एरवी ते दार कधी लावत नसत.

"बसा. हे कुणी केलं ते आपल्याला कळणार नाही. पण पुन्हा होता कामा नये. नवीन यंत्र आहे, जुन्या शिस्तीनं चालणार नाही. तुम्ही एक नियमावली तयार करा."

"मी?"

"मग कोण? इथं दुसऱ्या कुणाला फ्लॉपी सरळ धरता येते का?"

संगणकाचे नियम कसे असतात हे विचारायला मला ठाण्यात कुणी नव्हतं. क्लासमधल्या सरांना विचारलं तर ते म्हणाले, पासवर्ड ठेवा, बाकी काय ते तुमचं तुम्ही ठरवा. मग मला आठवलं, आमच्याकडे विषारी रसायनांच्या कोठाराची जुनी नियमावली होती. मी ती समोर ठेवली आणि जिथं रसायन होतं तिथं फ्लॉपी लिहीत गेले. फ्लॉपी कुलपात ठेवावी. देताना-घेताना रजिस्टरात दोन सह्या घ्याव्यात. कारखान्याबाहेर नेऊ नये, बाहेरून आणू नये, त्यासाठी गेटवर झडती घ्यावी. ज्यांचे काम नाही त्यांना आत येण्यास मनाई. संशयास्पद वर्तन आढळल्यास नावानिशी लेखी कळवावे. फ्लॉपी हाताळल्यानंतर हात स्वच्छ धुवावेत, हेही चुकून तसंच राहिलं होतं. साहेबांना ते इतकं आवडलं की त्यांनी काढू दिलं नाही.

काही नियम मी माझ्या मनानं घातले. मिक्सिंगला जाणारी कृतीची चिठ्ठी मशीनमधून निघेल आणि काम झाल्यावर परत येईल. चिठ्ठीवर काही लिहू नये, तिची नक्कल करू नये. मिक्सिंगच्या खोलीत दुसरा कागद नेऊ नये. चिठ्ठीत चूक आढळल्यास ती कोणी टाइप केली त्याच्या नावासह लेखी तक्रार द्यावी. हा शेवटचा नियम लिहिताना मला स्वतःच्या प्रामाणिकपणाचं कौतुक वाटलं होतं.

अकराव्या नियमावर साहेब अडले. "बाहेरचा कुणी मशीनला हात लावणार नाही, हे ठीक. पण इंजिनियरचं काय? दर महिन्याला यायचा करार आहे. त्याला अडवलं तर मशीन चालणार कसं?"

मी पेन घेतलं आणि नियमाच्या शेवटी माझ्या हातानं लिहिलं, 'इंजिनियर वगळून'.

नियमावली टाइप झाली, मराठीत एक प्रत गेटवर लागली. वॉचमननं सगळी वाचली आणि मला थांबवून विचारलं, "मॅडम, झडती घ्यायची म्हणता, पण ही फ्लॉपी दिसते कशी?" त्याचंही बरोबरच होतं. मी एक खराब फ्लॉपी आणून दिली. त्यानं ती खिळा ठोकून गेटच्या फळीवर लावली. जाता-येता प्रत्येक जण त्या काळ्या चौकोनाकडे बघायचा, मग आपल्या पिशवीकडे.

काकांचं काम आता काचेच्या पलीकडचं झालं. मी पार्टिशनला एक छोटी खिडकी करून घेतली होती. काका तिथं यायचे, मी चिठ्ठी सरकवायची, ते सही करायचे. त्यांच्याच रंगाची त्यांचीच कृती होती ती. पहिल्या दिवशी ते नेहमीच्या सवयीनं चपला काढून दाराशी आले. मी आतून हात केला, "काका, खिडकीतून." त्यांनी पुन्हा चपला घातल्या. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं.

साधारण चार महिन्यांनी आमचा सेल्समन भिवंडीहून परत आला तो पडलेला चेहरा घेऊनच. एका कपाटवाल्यानं त्याला पत्र्याचे दोन तुकडे दाखवले होते. एक आमच्या मोरपिशी रंगाचा आणि दुसरा डोंबिवलीच्या एमआयडीसीतल्या एका नव्या कारखान्याचा. "ओळखा यातला तुमचा कुठला," तो म्हणाला होता. सेल्समनला ओळखता आला नाही. साहेबांनी दोन्ही तुकडे काकांपुढे ठेवले. काकांनी खिडकीशी नेऊन बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "दोनीव आपलेच."

त्या दिवसापासून कारखान्याची हवा पालटली. साहेब मला रोज संध्याकाळी विचारायचे, "आज काही वेगळं दिसलं?" सुरुवातीला मी नाही म्हणायचे. मग रोज नाही म्हणणंच संशयाचं दिसेल असं वाटायला लागलं. मी बघायला लागले. सेल्समन दुपारी फोनवर हळू का बोलतो? लॅबमधला केमिस्ट डोंबिवलीला कुणाकडे जातो? डोंबिवलीला तर मीही राहायचे. मग माझ्याकडे कोण बघत असेल? पासवर्ड टाइप करताना मी डाव्या हातानं उजवा हात झाकायला लागले. खोलीत एकटी असतानासुद्धा झाकायची. घरी नवऱ्यानं सहज विचारलं, "तो तुमचा पासवर्ड असतो तरी कसला?" तर मी त्याच्याकडे वळून म्हणाले, "तुला कशाला हवाय?" तो हातातलं वर्तमानपत्र खाली करून बघतच राहिला.

आणि मग मला दिसलं. काका खिडकीतून चिठ्ठी घेऊन मिक्सिंगच्या दाराशी थांबले, खिशातून पेन काढलं, चिठ्ठीकडे पाहिलं आणि डाव्या तळहातावर काहीतरी लिहिलं. मग इकडे-तिकडे पाहून मूठ मिटली.

आठवड्याभरात मी ते तीनदा पाहिलं. तरी मी त्यांना विचारलं नाही. खिडकी होती, माणूस समोर होता, "काका, काय लिहिता?" एवढंच म्हणायचं होतं. पण नियमात विचारावे असं कुठं नव्हतं. लेखी कळवावे असं होतं. मी अर्धं पान टाइप केलं आणि साहेबांना दिलं.

साहेबांनी काकांना माझ्यादेखत बोलावलं.

"हातावर काय लिहिता?"

काकांनी तळहात उघडून पुढे केला. रॉकेलनं धुतलेला, कोरा. "काय नाय."

"या बाईंनी पाहिलंय. तीनदा."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. त्या बघण्यात राग नव्हता. मी बोलेन की काय, याची ते वाट बघत होते असं मला आता वाटतं. तेव्हा वाटलं की मला धमकावतायत.

"कनासाठी लिवला ता मना ठाव," ते म्हणाले. "चोरी नाय केली."

"मग सांगा ना काय लिहिलं."

काकांनी तळहात मिटून घेतला. साहेबांनी दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारलं नाही. दुसऱ्या दिवसापासून काका मागच्या आवारात रिकाम्या ड्रमांवर. पंचवीसेक वर्षांपूर्वी जिथून सुरुवात केली होती तिथंच. मिक्सिंगला केमिस्टचा एक नवा मदतनीस, बीएस्सी झालेला, चिठ्ठीबरहुकूम काम करणारा.

महिना झाला नसेल, टेबलफॅनवाल्यांकडून राखी रंगाचे डबे परत आले. राखी नव्हताच तो, काळपट होता. पुन्हा माल काढला, पुन्हा तेच. मदतनीस त्यात पांढरा ओतत बसायचा आणि माल दुप्पट व्हायचा. चिठ्ठी बरोबर, वजनं बरोबर, तरी रंग काळा. साहेब म्हणाले, "त्या म्हाताऱ्यानं जाता जाता काळ्याच्या पिंपात काहीतरी मिसळलंय." कुणी नाही म्हटलं नाही. मीही नाही. वॉचमनला काकांवर नजर ठेवायला सांगितलं गेलं. मागच्या आवारात ड्रम गडगडण्याचा आवाज आला की आम्ही सगळे एकमेकांकडे बघायचो.

विजेच्या पाळ्यांमुळे आमची साप्ताहिक सुट्टी आणि डोंबिवलीतल्या कारखान्यांची सुट्टी वेगवेगळ्या वारी असायची. क्लासमधली माझी एक मैत्रीण तिथल्या एमआयडीसीत नुकतीच लागली होती. एका सुट्टीच्या दिवशी तिचा फोन आला, शेजाऱ्यांच्या घरी. "अगं, येतेस का जरा? साहेब बाहेरगावी आहेत, प्रिंट निघत नाहीये आणि इंजिनियर उद्याशिवाय यायचा नाही. तुला येतं ना सगळं?"

मी रिक्षा करून गेले. रंगाचा कारखाना आहे हे तिनं आधी कधी सांगितलं नव्हतं, मीही विचारलं नव्हतं. दारातून आत शिरल्याबरोबर वासावरून कळलं. तिनं खुर्ची दिली. मशीन चालू केलं. पडद्यावर जे आलं ते बघून मला वाटलं मी माझ्याच खोलीत बसलेय. तेच रकाने, तोच क्रम, खाली बरोबर त्याच जागी 'चिठ्ठी छापायची का' हा प्रश्न. मी रंगांची यादी काढली. राखी हे नाव इंग्रजीत लिहिताना माझ्याकडून शेवटचं अक्षर दोनदा दाबलं गेलं होतं आणि ते दुरुस्त करायचं मी रोज उद्यावर ढकलत होते. इथंही ते दोनदा होतं.

"हे तुमच्याकडे कुणी घातलं?" मी विचारलं.

"आमचा इंजिनियर. म्हणाला, तयार पॅकेज आहे, नमुन्याला थोडे रंग पण भरलेत, वापरून बघा. का गं?"

"दिसतो कसा?"

तिनं वर्णन केलं. टापटीप. गोड बोलतो. आमचाच.

मी तिच्या तोंडाकडे बघत होते. ती खोटं बोलतेय का? तिला ठाऊक असेल का? मला इथं मुद्दाम बोलावलं असेल का? ती आपली निवांत चहा ओतत होती. "मोरपिशी तर इतका सुंदर येतो ना," ती म्हणाली, "पण हा राखी काही जमत नाही बघ. काळाच पडतो. साहेब म्हणतात, यातला आकडाच चुकलेला असणार."

मी कप खाली ठेवला.

तिचा प्रिंटर मी सुरू करून दिला. बाकी काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी कारखान्यात गेल्या गेल्या साहेबांच्या कपाटातून काकांची वही मागून घेतली. त्यांचं अक्षर एव्हाना मला लागत होतं. राखी. शंभर किलोला काळा पाव किलो. मग मशीनमध्ये पाहिलं. अडीच किलो. दशांशाचं टिंब एक घर सरकलं होतं. मीच सरकवलं होतं.

म्हणजे काका रोज चिठ्ठीवर अडीच वाचत होते आणि पाव घालत होते. पण राखी एकच रंग नव्हता. वही जवळ नव्हती आणि एकशेचाळीस रंग होते. चिठ्ठीवर लिहायची बंदी, मिक्सिंगच्या खोलीत कागद न्यायची बंदी. मग चिठ्ठीत जिथं चूक दिसेल तिथला खरा आकडा तळहातावर. मी त्या दिवशी संध्याकाळपर्यंत वही आणि मशीन समोरासमोर ठेवून बसले. तीन रंगांत चुका सापडल्या. तिन्ही माझ्या.

साहेबांना मी सगळं सांगितलं. डोंबिवलीचं, इंजिनियरचं, माझ्या चुकांचं. त्यांनी शांतपणे ऐकलं.

"इंजिनियरचा करार रद्द करतो," ते म्हणाले. "त्या कारखान्याला काय बोलणार? त्यांनी काय आपली भिंत फोडलीय? आपणच नक्कल नेऊ दिली आणि वर त्यालाच वगळून लिहिलं."

"मीच लिहिलं," मी म्हटलं.

"मी सही केली. राहू दे. बाहेर बोलू नका."

"आणि काका?"

"त्यांना परत घेऊ मिक्सिंगला."

"साहेब, ती पत्रिकेची फ्लॉपीसुद्धा..." मी सुरुवात केली. साहेबांनी समोरची फाइल उघडली आणि वाचायला लागले. मी बाहेर आले.

मागच्या आवारात काका नव्हते. ते आठ दिवसांपासून कामावर येत नाहीत, असं वॉचमननं सांगितलं. ऑफिसात आमच्यापैकी एकालाही ते कळलं नव्हतं. संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेले. इस्टेटच्या मागच्या भिंतीला लागूनच गाव. घर विचारावं लागलं. काकी दारात मासळी साफ करत होत्या. काका आत खाटेवर बसले होते.

मी उभ्या उभ्याच सांगितलं. आकड्यांचं सांगितलं, टिंबाचं सांगितलं. "तुम्हाला माहीत होतं. मग मला सांगितलं का नाही?"

"तुला सांगाचा कसा? काचेच्या आरून?" काका म्हणाले. "आनि लिवून द्याचा तर तुजा नाव लिवावा लागला असता. तूच लिवलं व्हतंस ना तसा? गेटवर लावलाय."

"साहेबांसमोर तरी बोलायचं."

"बोललू असतू, तर तू गेली असतीस. मी गेलू तं निदान ड्रम धुतलं."

काकी हातातली कोयती खाली ठेवून माझ्याकडे बघत होत्या. त्यांच्या मनात काय होतं ते मला कळायला वेळ लागला नाही. मी मान खाली घातली. माफ करा म्हटलं की नाही, ते आज आठवत नाही. म्हटलं असावं.

"साहेब परत बोलावतायत," मी सांगितलं.

"माजी वही देतात काय?"

ते मी साहेबांना दुसऱ्या दिवशी विचारलं. वही कंपनीची मालमत्ता आहे, ती बाहेर जाऊ शकत नाही, नियम सगळ्यांना सारखे, असं उत्तर मिळालं. निरोप वॉचमनच्या हाती गेला. काका परत आले नाहीत.

मी नियमावली पुन्हा लिहिली. इंजिनियर वगळून हे शब्द काढले. ज्याची कृती आहे त्याला मशीनवरची नोंद दाखवून त्याची सही घ्यावी, असा बारावा नियम घातला. तो साहेबांनी खोडला, कारण सही घेण्यासारखं आता कुणी उरलं नाही. बाकीची नियमावली कंपनीच्या मुंबईच्या मुख्य ऑफिसला आवडली, तिथून कंपनीच्या इतर कारखान्यांना गेली, आणि वर्षभरात माझं पद बदललं. दाराबाहेर माझ्या नावाची पाटी लागली. ती मी अभिमानानं घरच्यांना दाखवलीसुद्धा.

पुढे इस्टेटमधले कारखाने एकेक करून बंद होत गेले. आमचाही गेला. मी दुसऱ्या एका कंपनीत लागले, तिथंही पासवर्ड, कुलपं, रजिस्टरं हेच माझं काम. मग आम्ही टिटवाळ्याला नवी जागा घेतली. खिडक्यांच्या ग्रिलना रंग हवा होता. कुणीतरी सांगितलं, ठाण्यात खोपटला एसटी डेपोजवळ एक दुकान आहे, हवा तो रंग समोर बनवून देतात. गेले, तर आतल्या बाजूला स्टुलावर काका.

केस पार पांढरे झाले होते. त्यांनी मला ओळखलं आणि दुकान पुतण्याचं असल्याचं सांगितलं. रंग जुळवायला मी खिडकीच्या पडद्याच्या कापडाचा तुकडा नेला होता. त्यांनी तो दाराशी उजेडात धरला.

"घर नवा?"

"हो. टिटवाळ्याला."

मग मी विचारलं, "काकी कशा आहेत?"

"ती गेली, दोन वर्सां झाली."

त्यांनी डबे उघडले, काठीनं ढवळलं, एकदा चिमूट टाकली, मग अर्धी चिमूट. पत्र्यावर पट्टा ओढून कापडाच्या तुकड्याशेजारी धरला. "बग. येल कापराशी?" मी हो म्हटलं. त्यांनी झाकण दाबून बसवलं, डब्याला सुतळी बांधून दिली.

परतीच्या वाटेवर मनात एकच येत राहिलं. वाळल्यावर हा रंग दुसराच निघाला तर? त्यांनी मुद्दाम काही कमी-जास्त केलं असेल तर? आणि केलं असेल तर मी कुठल्या तोंडानं परत जाणार? घरी आल्याबरोबर मी डबा उघडला, एका ग्रिलच्या मागच्या बाजूला, कुणाला दिसणार नाही अशा जागी, बोटभर रंग लावला आणि वाळायची वाट बघत तिथंच बसले. नवऱ्यानं विचारलं, "काय चाललंय?" मी म्हटलं, काही नाही.

वाळल्यावर पडद्याचा तुकडा त्याच्याशेजारी धरला. रंग बरोबर होता. दुसऱ्या दिवशी रंगारी आला तेव्हा मी पुन्हा एकदा धरून पाहिला.